हसरा चेहरा, क्रमांक एक

टॉवेल टेबलावर आपटला आणि भिंगबाईंच्या हातातला चहाचा कप ओठांपर्यंत जाऊन परत आला.

साधा पांढरा टॉवेल. हात पुसायचा. काठावर निळ्या शाईतला हॉस्पिसचा शिक्का. एक टोक कोरं करकरीत होतं, पण दुसऱ्या टोकाच्या नुसत्या चिंध्या उरल्या होत्या. कुणीतरी ते चावून, ओढून पार लक्तर करून टाकलं होतं.

"उंदीर का?" भिंगबाईंनी विचारलं.

"माझे बाबा," समोरचा माणूस म्हणाला.

चहा बाजूला सरकला. टेबलावरचं गोल भिंग पुढे आलं.

बाईंना ते नाव पडलं होतं ह्या भिंगामुळेच. खरं नाव फक्त दारावरच्या पाटीला ठाऊक. जी माणसं आता बरी होणार नाहीत त्यांचे शेवटचे दिवस कमी त्रासात जावेत म्हणून हॉस्पिस असतं. अशा हॉस्पिसांची वर्षातून एकदा पाहणी करायची आणि शेरा द्यायचा, हे बाईंचं काम. उत्तम, बरं किंवा असमाधानकारक. कागदावरची खाडाखोड त्या भिंगाखाली अशी पकडत, की लोक म्हणत, बाई दारात आल्या की फायलींनाच घाम फुटतो. बाईंना ते माहीत होतं. आवडतही होतं. खोटं कशाला बोला!

भिंगाखाली दातांच्या खुणा उमटून दिसल्या.

"कधी गेले?"

"परवा. मंगळवारी, दुपारी चारला. काल सामान दिलं त्यांचं." मुलाने पिशवी उपडी केली. दोन सदरे, छोटा रेडिओ, कंगवा, चष्म्याचं रिकामं घर. "आणि तळाशी घडी घालून ठेवलेला हा टॉवेल. बाबा जन्मभर घड्याळं दुरुस्त करायचे, मॅडम. घड्याळजी म्हणूनच ओळखायचे त्यांना. मुंगीच्या पायाएवढे स्क्रू बसवणारा माणूस. हातातली वस्तू कधी चुरगळू दिली नाही त्यांनी. आणि हा बघा कागद."

कागदाचा फोटो त्याच्या मोबाइलमध्ये होता. भिंगबाईंना तो तक्ता पाठ होता. प्रत्येक खाटेला एक कार्ड लटकवलेलं असतं, त्यावर पाच चेहरे. पहिला हसरा, पाचवा ढसाढसा रडणारा. दिवसातून तीनदा कार्ड पेशंटसमोर धरायचं, तो बोट ठेवेल तो आकडा तक्त्यात लिहायचा, शेजारी सही करायची. आकडा तीनच्या वर गेला की डॉक्टरांना फोन करून वेदनेचं औषध वाढवायचं. साधा, सोपा, सुटसुटीत नियम.

मंगळवार, सकाळी आठ: एक. दुपारी दोन: एक.

दोन वाजता हसरा चेहरा. चार वाजता मरण. आणि दातांत टॉवेल.

"तुमची तक्रार कुणाविरुद्ध आहे?"

"तिथल्या मावशीविरुद्ध. मॅनेजर म्हणाले, विचारायचं काम तिचं, सही तिची. आज पाच वाजता तिला काढून टाकतायत. मला तेवढ्यावर सोडायचं नाहीये तिला."

"तुम्ही शेवटचं कधी भेटलात?"

"रविवारी. दर रविवारी जायचोच, न चुकता. थकले होते, पण खुशीत होते. मोबाइलवर नव्या घराचे फोटो दाखवले, तर म्हणाले, रंग झकास आहे. मोबाइल उलटा धरला होता त्यांनी, मी सरळ करून दिला. म्हातारी माणसं, त्यांना कुठलं जमतंय?" तो हसायला गेला आणि ते अर्ध्यावरच राहिलं.

दरवर्षी पाहणीआधी पंधरा दिवस पत्र जायचं, तारीख कळवायची. तसा नियमच होता. भिंगबाईंनी भिंग पर्समध्ये टाकलं आणि उठल्या.

"चला. आज न कळवता जाऊ."

*

हॉस्पिसच्या दारातच तीन प्रशस्तिपत्रकं टांगलेली होती. सलग तीन वर्षं: उत्तम, उत्तम, उत्तम. तिन्हींवर भिंगबाईंची सही. रोज पुसत असावेत. काचेत स्वतःचा चेहरा दिसत होता.

मॅनेजर जवळजवळ धावत आले. "मॅडम! अहो, आधी कळवलं असतं तर..."

"तर तुम्ही पडदे धुतले असते. सहा नंबरची खाट दाखवा."

लांबट खोली, अकरा खाटा, फिनेलचा वास. सहा नंबरची खाट खिडकीला लागून. गादी उचललेली, लोखंडी पट्ट्या उघड्या. बाहेर शाळेचं पटांगण, आणि भिंगबाई खिडकीशी पोचल्या तेव्हाच शाळेची घंटा ठणठणली.

"एवढी चांगली जागा कुणाला देता?"

"ज्यांना दिसतं, बसता येतं त्यांना. न दिसणारे, न उठणारे पेशंट आतल्या खोलीत हलवतो, बाथरूमच्या बाजूला. पडलेबिडले तर आपल्यावर यायला नको. लेखी नियम आहे तसा," मॅनेजर अभिमानाने म्हणाले.

"आतल्या खोलीला खिडकी आहे?"

"एक्झॉस्ट फॅन आहे."

खाटेजवळच्या कपाटावर दोन पेले अजून तसेच होते. दोन्ही स्टीलचे, एकसारखे. एकाला मात्र रबरबँड गुंडाळलेला. समोरच्या भिंतीवर घड्याळ. त्यात सव्वाअकरा वाजले होते आणि दुपार तर कधीच कलली होती. सेकंदकाटा जागच्या जागी टक टक करत थरथरत होता, पुढे सरकायचं नाव नाही.

"सेल संपलाय त्याचा," सात नंबरच्या खाटेवरून आवाज आला. "दोन महिने सव्वाअकराच. इथे वेळ जात नाही म्हणतात ते काही खोटं नाही."

बोलणारा म्हातारा म्हणजे हाडांचा सापळा, पण डोळे मिश्कील. बसवर कंडक्टर होता, त्यामुळे सगळे त्याला कंडक्टरच म्हणत.

"या बाई, बसा. उभ्याने प्रवास करू नका. हा शेवटचा स्टॉप, पुढे गाडी जात नाही."

भिंगबाई बसल्या. "घड्याळजी तुमचे शेजारी ना? बंद घड्याळ समोर, आणि त्यांनी दुरुस्त करा म्हणून सांगितलं नाही?"

"तेच तर! मी म्हटलं, अरे घड्याळज्या, तुझ्या नाकासमोर घड्याळ मेलंय आणि तू गप्प? तर म्हणतो कसा, चालतंय की, मला ऐकू येतंय. घ्या! म्हणे घड्याळजी!" कंडक्टर हसला, आणि हसता हसता त्याने पोटाशी हात दाबून धरला. नाकावरचा चष्मा घसरला. एका काडीला तांब्याची बारीक तार इतकी सुबक गुंडाळली होती, की दागिनाच वाटावा.

"काय सुरेख काम आहे हो हे!"

"त्याचंच. माझा चष्मा फुटला, तर म्हणाला माझा घे. महिना झाला. नंबरही जुळला बघा, मी पेपर वाचून दाखवायचो त्याला."

"तुम्हाला आत्ता दुखतंय का?"

ती चौकशी सवयीने तोंडातून निघाली होती, जशी कसे आहात म्हणतो तशी. कंडक्टरने दाराकडे पाहिलं. दारात मोठ्या सिस्टर उभ्या होत्या.

"छे छे," तो म्हणाला. "एकदम मजेत."

*

भिंगबाईंनी ऑफिसात बसून फाइल मागवली आणि भिंग बाहेर काढलं.

घड्याळजींच्या तक्त्यांचा गठ्ठा जाड होता. एका आठवड्याला एक कागद. सोमवार ते रविवार सात ओळी, ओळीत तीन वेळा. आकडे शिपायांसारखे ताठ, निळ्या शाईतले. सह्या काळ्या शाईत, वाकड्यातिकड्या, अक्षरांपेक्षा चित्रासारख्या. प्रत्येक कागदाला डावीकडे दोन भोकं, फाइलची तार त्यांतून ओवलेली.

शेवटच्या कागदाला भोक एकच. कागदही आखूड. सोमवार आणि मंगळवार, दोनच ओळी, आणि खालची कड कात्रीने कापल्यासारखी सरळसोट. भिंगबाईंनी त्या कडेवरून बोट फिरवलं.

मग त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. ते दर सोमवारी येत.

"घड्याळजींचं औषध का वाढवलं नाही?"

"का वाढवू? कागदावर एक होता. सतत एक."

"ह्या सोमवारी पेशंटला बघितलं होतंत?"

"अहो मॅडम, तो कागद पेशंटचाच होता ना?"

बाईंनी फोन ठेवला. उत्तर झोंबलं होतं, का ते कळलं नाही.

मावशी आत आली. पन्नाशीची, हातात फडकं. खुर्ची दिली तरी उभीच राहिली.

"ह्या सह्या तुमच्या?"

"माझ्याच."

"म्हणजे कार्ड दाखवून तुम्ही विचारायचात?"

"मी कार्ड नाही दाखवायची त्यांना."

"पहा!" मॅनेजर उसळले. "स्वतःच्या तोंडाने कबूल करतेय!"

"तुम्ही जरा बाहेर थांबता का? आणि दार लावून घ्या." भिंगबाई वळल्या. "कार्ड का नाही दाखवलंत?"

मावशी फडक्याची घडी घालू लागली.

"मग दुखतंय किती ते कसं कळायचं?"

"हात द्यायची. जेवढं दुखेल तेवढा दाबायचे ते." तिने बाही वर केली. मनगटावर चार निळे डाग एका ओळीत, आणि पाचवा पलीकडच्या बाजूला. "हे मंगळवारचं. नंतर म्हणाले, तुझा हात मोडेल गं, टॉवेल दे."

भिंगबाईंनी ते डाग जवळून पाहिले. "हे तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?"

"रोज सांगायची. सांगून काय होतंय बाई? कागद म्हणतो एक. आणि कागदाखाली सही माझी."

"कार्ड का दाखवलं नाही, तेवढं सांगा. तुमची नोकरी वाचेल."

"शब्द दिलाय."

"कुणाला? त्यांना? मावशी, ते गेले आता."

"म्हणून तर मोडता येत नाही. जिवंत माणसाची माफी तरी मागता येते."

ती फडकं घेऊन निघून गेली. ऑफिसातल्या घड्याळात चार वाजत आले होते.

मोठ्या सिस्टर आल्या त्या पाण्याचा पेला घेऊनच. गोड, शांत बाई. आवाज असा, की लोणी माखलेली सुरी. गेल्या वर्षीच्या समारंभात भिंगबाईंनीच त्यांना स्टेजवर पुष्पगुच्छ दिला होता.

"मावशीला सांभाळून घ्या हो," सिस्टर म्हणाल्या. "बारा वर्षं झाली तिला. आणि खरं सांगू? चूक तिचीही नाही. काही माणसं दुखणं लपवतात. घड्याळजी त्यातले."

"तुम्ही कधी पाहिलंत त्यांना चेहरा दाखवताना?"

"कितीदा! दुपारी मी स्वतः उभी असते ना खाटेपाशी."

"ह्या मंगळवारीही?"

"हो तर. दोन वाजता. मी कार्ड पुढे धरलं. त्यांनी चष्मा लावला, नीट न्याहाळलं आणि बोट ठेवलं पहिल्या चेहऱ्यावर. हसलेसुद्धा माझ्याकडे बघून." सिस्टरांचे डोळे पाणावले. "आता मरणारा माणूसच खोटं बोलला, तर आपण काय करणार?"

"खरंय," भिंगबाई म्हणाल्या. "काय करणार!"

आणि त्यांनी भिंग पर्समध्ये ठेवून दिलं. आता त्याची गरज उरली नव्हती.

*

पावणेपाचला सगळे सहा नंबरच्या रिकाम्या खाटेभोवती जमले. मॅनेजरांच्या हातात मावशीला काढल्याचं टाइप केलेलं पत्र. मावशी भिंतीला टेकून, मुलगा तिच्याकडे खाऊ की गिळू असा बघत. सिस्टर हात बांधून उभ्या. कंडक्टर उशीला टेकून बसलेला, जणू पहिल्या रांगेचं तिकीट काढलंय.

"मला आधी टॉवेलने कोड्यात टाकलं," भिंगबाईंनी सुरुवात केली. "त्यावर हॉस्पिसचा शिक्का आहे. म्हणजे तो धुलाईला जायला हवा होता, घड्याळजींच्या सामानात नव्हे. तो चुकून गेलेला नाही. घडी घालून, तळाशी ठेवला होता. कुणाला तरी तोंडाने बोलायचं नव्हतं, पण गप्पही राहवत नव्हतं. सामान कुणी भरलं?"

"मी," मावशी म्हणाली.

मुलगा चमकला. जिने निष्काळजीपणा केला, तीच पुरावा कशाला पाठवेल?

"दुसरी गोष्ट. दोन सारखे पेले, एकाला रबरबँड. एक प्यायचा, एक चूळ भरायचा. ते ओळखायला रबरबँड कुणाला लागतो? तिसरी गोष्ट. समोर दोन महिने बंद घड्याळ, आणि जन्मभर घड्याळं दुरुस्त करणारा माणूस म्हणतो, चालतंय, ऐकू येतंय. सेकंदकाट्याची टकटक ऐकू येत होतीच. काटे पुढे सरकत नाहीत, हे मात्र बघावं लागतं. चौथी गोष्ट." त्या मुलाकडे वळल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज मऊ झाला. "त्यांनी मोबाइल उलटा धरला होता."

मुलाने खिशातला मोबाइल बाहेर काढून पाहिला.

"तुमच्या बाबांना दिसत नव्हतं. निदान महिनाभर तरी. म्हणून चष्मा कंडक्टरांना देऊन टाकला. म्हणून तुमच्या पिशवीत चष्म्याचं घर रिकामं आलं. म्हणूनच मावशी कार्ड न दाखवता हात द्यायच्या. आंधळ्या माणसाला चित्रं काय दाखवणार?"

"पण लपवायचं कशाला?" मॅनेजर म्हणाले.

"तुमच्या लेखी नियमामुळे. दिसत नाही हे कळलं असतं, तर तुम्ही त्यांना आत हलवलं असतं, एक्झॉस्ट फॅनपाशी. इथे शाळेची घंटा ऐकू येते. घड्याळ दिसेनासं झालेल्या घड्याळजीला वेळ कळायला तेवढीच उरली होती. बरोबर ना, मावशी?"

मावशीने डोळे पुसले. "मी नाही बोलले हं. तुम्हीच बोललात."

"आता सांगा, ज्याला दिसतच नव्हतं, त्याने मंगळवारी दोन वाजता महिन्यापूर्वी देऊन टाकलेला चष्मा लावून, कार्ड न्याहाळून, हसऱ्या चेहऱ्यावर बोट कसं ठेवलं?"

सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या.

"सिस्टर, ह्या खोलीत ज्यांनी त्यांना पाणी पाजलं, पेपर वाचून दाखवला, त्यांना माहीत होतं. ज्याने महिनाभर त्यांच्या खाटेजवळ पाऊलच टाकलं नाही, त्यालाच फक्त वाटलं की ह्यांना दिसतं. दारातून कसे आहात काका म्हणायचं, आवाजाच्या दिशेने मान वळली की झालं!"

"माझी आठवणीत गल्लत झाली असेल," सिस्टर शांतपणे म्हणाल्या. "रोज इतके पेशंट. पण सही तिची आहे. ती कशी नाकारणार?"

"ती नाकारत नाहीये. मॅनेजरसाहेब, कंडक्टरांचा ह्या आठवड्याचा तक्ता आणा."

"चालू आठवड्याचा? पण तुमच्या ऑफिसचा नियम आहे, पूर्ण झालेले आठवडेच तपासायचे..."

"आणा!"

तक्ता आला. भिंगबाईंनी तो सगळ्यांना दिसेल असा धरला. आज गुरुवार. मावशीच्या काळ्या, चित्रासारख्या सह्या रविवार रात्रीपर्यंत, एकवीसच्या एकवीस चौकोनांत झालेल्या होत्या.

"सिस्टर सोमवारी सकाळी सगळ्या एकदम घेतात," मावशी पुटपुटली. "पाहणीच्या वेळी राहायला नकोत म्हणून."

"घड्याळजींच्याही घेतल्या होत्या. पण ते मंगळवारीच गेले. मेलेल्या माणसाच्या तक्त्यात पुढच्या पाच दिवसांच्या सह्या दिसल्या असत्या, म्हणून खालचा कागद कापला. कापताना दुसरं भोकही गेलं, आणि मंगळवारी रात्री आठची सही मात्र तशीच राहिली. बाकी सगळ्यांना दोन भोकं, ह्याला एक. आणि हे बघा, निळ्या शाईतला आजचा आकडा. सकाळी एक, दुपारी एक, रात्री आठला एक." त्यांनी मान वर केली. "आत्ता पाचसुद्धा वाजले नाहीत, सिस्टर. आज रात्री आठ वाजता ह्यांना किती दुखणार, ते तुम्हाला आधीच कसं कळलं?"

"मला विचारलं असतं तर मलाही इतकं नक्की सांगता आलं नसतं," कंडक्टर म्हणाला. कुणी हसलं नाही.

सिस्टरांनी बांधलेले हात सोडले. लोणी वितळलं, सुरी तेवढी उरली.

"हो. लिहिले मी. अकरा खाटा, आणि मी एकटी. चार वर्षांपूर्वी खरं लिहायचे, आठवतंय? चार, पाच, चार. डॉक्टर फोन उचलायचे नाहीत, तरी मी लिहायचे. तुम्ही आलात, भिंग लावलंत, आणि शेरा दिलात असमाधानकारक. दुसरी नर्स पाठवलीत? दुसरा डॉक्टर? साधं एक पत्र? काही नाही. पुढच्या वर्षी सगळीकडे एक लिहिला. तुम्ही काय दिलंत?"

भिंगबाईंना दारातल्या काचा आठवल्या. उत्तम, उत्तम, उत्तम.

"तुम्हाला हसरे चेहरे हवे होते. मी पुरवले. खाटेजवळ मी गेले नाही, कबूल. तीन वर्षांत तुम्ही एकदा तरी गेला होतात?"

भिंगबाई एकदाही गेल्या नव्हत्या. मग त्यांना मावशीचं ते मनगट आठवलं.

"ही मावशी तुम्हाला रोज सांगत होती ना?"

"होती."

"औषध होतं?"

सिस्टरांची नजर पहिल्यांदा खाली गेली. "कपाटात. बाटली भरलेली होती."

"कपाट किती लांब आहे इथून?"

"दहा पावलं," मावशी म्हणाली. "चावी त्यांच्या कमरेला."

मग माझ्यावर सगळं ढकलणार होतात का, असं मावशीने विचारलंही असतं. पण ती तसली नव्हती. ती मुलाकडे गेली, कारण तो खाटेच्या लोखंडी पट्टीला धरून उभा होता.

"मला का नाही सांगितलं त्यांनी?" तो म्हणाला. "मी तर दर रविवारी... रंग झकास आहे म्हणाले हो ते!"

"मी म्हटलं होतं, पोराला तरी सांगा. तर म्हणाले, आठवड्यातून एक तास येतो बिचारा. तेवढा तरी हसत जाऊ दे. आणि म्हणाले," मावशी थांबली, पण आता शब्द मोडलाच होता, "तोच ओळखतो का, बघू."

मुलगा उघड्या पट्ट्यांवर बसला. चार रविवार. त्याने बोटांवर मोजले, जणू हिशेब चुकला असेल तर अजून सुटका होईल.

बाहेर शाळेची शेवटची घंटा झाली. पाच वाजले. मॅनेजरांनी खिशातून पेन काढलं, हातातल्या पत्रावरचं मावशीचं नाव नीट आडवी रेघ मारून खोडलं आणि सिस्टरांकडे बघत हळूच विचारलं, "तुमचं पूर्ण नाव कसं लिहिता?"

भिंगबाईंनी त्यांच्या हातून ते पत्र काढून घेतलं. "एका नावाने भागणार नाही. डॉक्टरांचं लिहा. नियम करणाऱ्यांचं, म्हणजे तुमचं लिहा. आणि सगळ्यात वर माझं. मी ऑफिसात हेच लिहून देणार आहे, माझ्या तीन सह्यांसकट. आधी ती चावी मावशींकडे द्या आणि दुसऱ्या डॉक्टरांना बोलवा. आत्ता, माझ्यासमोर."

चावी खणखणली. सिस्टर वळल्या आणि पांढऱ्या बुटांचा आवाज न करता बाहेर गेल्या. तसा त्यांचा आवाज कधीच होत नसे. म्हणून तर त्या खाटेजवळ आल्या काय नि न आल्या काय, कुणाला कळत नसे.

भिंगबाई सात नंबरपाशी आल्या. लटकवलेलं कार्ड त्यांनी हातात घेतलं, पाचही चेहऱ्यांकडे पाहिलं आणि पालथं घालून ठेवलं. खुर्ची ओढली. हात पुढे केला.

"किती दुखतंय?"

कंडक्टरने तारेने सांधलेल्या चष्म्यातून त्यांच्याकडे पाहिलं. दार आता रिकामं होतं, तरी त्याने तिकडे एकदा बघून घेतलं.

"खरं सांगू?" तो म्हणाला. "की लिहून घेणार आहात?"

भिंगबाईंनी कार्ड आणखी लांब सरकवलं. हात तसाच पुढे राहिला. मग म्हाताऱ्याने तो धरला, आणि हळूहळू, हाडं करकरेपर्यंत दाबला.